ओझरच्या बसमधली अमेरिका

नाशिकच्या हनीफ शेखनं अमेरिका कधी पाहिली नाही. पासपोर्टसुद्धा काढला नाही. तरी वर्षानुवर्षं तो अमेरिकेच्या बाजूनं भांडला, आणि तेही कुठं, तर ओझरच्या विमान कारखान्यात, जिथं रशियन बनावटीची लढाऊ विमानं जुळवली जायची आणि ज्याची त्याची चूल त्याच विमानांवर पेटायची. लोक त्याला हसायचे. हसू देत. हल्ली सगळे मिळून एकाच बाजूला गर्दी करतात आणि वर स्वतःला शहाणे समजतात, ते पाहिलं की हनीफची आठवण येते, आणि त्या बसचीही.

बस कारखान्याची, सकाळच्या पाळीची. नाशकातल्या द्वारका चौकातून निघायची, पंचवटीतून माणसं उचलायची, मग आडगाव फाटा, दहावा मैल आणि ओझर. बसमध्ये कुणीही कुठंही बसावं, फक्त पुढचे दोन बाक सोडून. डावीकडचा बाक रशियाचा, उजवीकडचा अमेरिकेचा. मागची सगळी बस म्हणजे उरलेलं जग. टाळ्या वाजवायला, काड्या घालायला आणि अंगाशी आलं की डोळे मिटून घोरायला. गाडी हाकायचा मंगळू, सुरगाण्याकडचा. त्याला कुणी विचारलं, तू कुणाचा, तर म्हणायचा, "मी कोनाचाच नाय बा. मी खड्डे बघतो." अलिप्त राष्ट्रांना असा पुढारी पुन्हा मिळाला नाही.

रशियाच्या बाकावर सावळीराम आप्पा. आडगावचे, घरची भाजीपाल्याची शेती, आणि कारखान्यात जुने फिटर. तरुणपणी कारखान्यानं त्यांना शिकायला आठ महिने रशियात धाडलं होतं. तिथून येताना त्यांनी एक केसाळ टोपी आणली. डिसेंबरात नाशिकला थंडी पडली की ती टोपी डोक्यावर चढायची आणि होळीपर्यंत उतरायची नाही. गावातली कुत्री त्या टोपीवर भुंकायची, पण आप्पांना त्याचं काही नव्हतं. घरी रेडिओवर मॉस्कोचं हिंदी केंद्र लावून ते भाजीच्या जुड्या बांधायचे.

हनीफ मूळचा मालेगावचा. बाप यंत्रमागावर, घरात खाणारी तोंडं फार. आयटीआय करून तो चौऱ्याहत्तर साली ओझरला लागला आणि जुन्या नाशकात, कथड्यात खोली घेऊन राहिला. पहिल्या दिवशी बसमध्ये चढला तेव्हा पुढचे दोनच बाक रिकामे होते. तो उजवीकडच्याकडं वळला. तिथं स्टोअरमधले एक गृहस्थ बसायचे, ते आदल्याच महिन्यात निवृत्त झाले होते. हनीफ बसला तशा मागं माना उंचावल्या. आडगावला आप्पा चढले, त्यांनी त्याला खालून वर न्याहाळलं.

"पोरा, तिथं कोन बसतं ठावं हाय का? अमेरिका."

उठून उभा राहिला असता तर विषय मिटला असता. पण नवा माणूस, पहिला दिवस, सगळी बस बघतेय. हनीफला ताठा चढला. "मग मी अमेरिका," तो म्हणाला.

"का रं? काय दिलं तुला अमेरिकेनं?"

"मिलो दिली. दुष्काळात अम्मीनं आम्हाला रेशनवरची लाल मिलोच खाऊ घातली. खाल्ल्या अन्नाला जागायला नको का, आप्पा?"

मिलो म्हणजे ती लाल ज्वारी, जी अमेरिकेतून बोटीनं यायची आणि जिला गुरंही नाक मुरडायची. आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मिलो खाऊन अमेरिकेचा झालेला पयलाच माणूस बघतो मी," असं म्हणून त्यांनी डब्यातली अर्धी भाकर त्याच्या हातावर ठेवली. त्या दिवसापासून भांडण सुरू झालं.

रोज द्वारकेला हनीफ पेपर विकत घ्यायचा. आडगाव येईपर्यंत तो वाचून घ्यायचा, मग आप्पा चढले की पेपर त्यांच्या हातात आणि तोफा सुरू. अंतराळ, ऑलिम्पिक, अफगाणिस्तान, क्षेपणास्त्रं. जगात कुठं खुट्ट झालं की त्याचा निकाल दहाव्या मैलापर्यंत लागायचा. बसचा एक नियम होता. ज्याची बाजू जिंकेल त्यानं पेढे आणायचे आणि पहिला पेढा हरलेल्याच्या तोंडात स्वतःच्या हातानं घालायचा. हरलेल्यानं तो खाल्ल्याशिवाय बाकीच्यांनी डब्याला हात लावायचा नाही. नियम कुणी केला कुणास ठाऊक, पण त्यामुळे एक झालं. कितीही कडाकडा भांडले तरी हरलेला माणूस तोंड गोड करूनच बसमधून उतरायचा.

एक्क्याण्णव साल उजाडलं तेच आखाती युद्ध घेऊन. हनीफची खरी पंचाईत झाली. सगळा मोहल्ला इराकच्या बाजूनं हळहळत होता, आणि खरं सांगायचं तर हनीफही हळहळत होता. बसमध्ये मागचं जग डिवचायचं, "काय हनीफभाई, आज कुठल्या बाकावर?" तो उजव्या बाकावरच बसला. तावातावानं नाही, पण बसला. युद्ध संपल्यावर नियमाप्रमाणे पेढे आणले, आप्पांना भरवले, सगळ्यांना वाटले. स्वतः एकही खाल्ला नाही. आप्पांनी ते पाहिलं आणि त्या दिवशी ते दहाव्या मैलापर्यंत पिकावरच्या किडीबद्दलच बोलत राहिले.

मग आला ऑगस्ट. पेपरात बातमी, मॉस्कोत रणगाडे रस्त्यावर, जुन्या कडक लोकांनी सत्ता हाती घेतली. दोन-तीन वर्षं सतत हरत आलेल्या आप्पांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. दुसऱ्या दिवशी ते केवढा तरी खोका घेऊन फाट्यावर उभे! "खा, अमेरिका!" म्हणत त्यांनी हनीफच्या तोंडात दोन पेढे एकदम कोंबले. मंगळूला भरवले, दहाव्या मैलावर चढणाऱ्यांना भरवले, गेटवरच्या पहारेकऱ्यालासुद्धा सोडलं नाही. आणि पेढे लोकांच्या पोटात जिरतात न जिरतात तोच पुढचा पेपर आला. बंड फसलं होतं, रणगाडे माघारी फिरले होते. बस महिनाभर हसत होती. कुणी शिंकलं तरी कुणीतरी म्हणायचं, "आप्पा, पेढे आणा!" आप्पाही हसायचे, पण ते हसणं ओठाच्या आत जात नव्हतं.

डिसेंबरात सोव्हिएत संघच उरला नाही. लाल झेंडा उतरल्याची बातमी आली, त्या दिवशी हनीफनं भद्रकालीतून पेढे घेतले. घेताना त्याला फार काही वाटलं नाही. खेळ होता, जिंकला होता. आडगावला आप्पा चढले. केसाळ टोपी नव्हती, साधा मफलर होता. ते डाव्या बाकावर बसलेच नाहीत. सरळ मागं गेले आणि शेवटच्या बाकावर खिडकीला टेकून बसले. हनीफ खोका घेऊन मागं गेला.

"आप्पा, पेढा."

"नको. साखर निघाली मला."

साखर वगैरे काही निघाली नव्हती. आदल्याच आठवड्यात त्यांनी कॅन्टीनमध्ये जिलबी चापली होती. पण हरलेल्यानं खाल्ला नाही म्हणून कुणीच हात लावला नाही, आणि पेढ्यांचा खोका जसाच्या तसा कथड्यात परत गेला. हनीफची बायको हाजरा चुलीपाशी होती. "जीत गए ना? फिर मुँह क्यों लटका है?" तिनं विचारलं. हनीफनं खोका खाली ठेवला. पेढे मुलांनी संपवले.

जिंकल्यावर काय करायचं असतं हे हनीफला कुणी सांगितलं नव्हतं. रोज तो उजव्या बाकावर बसायचा, पेपर मांडीवर. समोरचा बाक रिकामा. अमेरिका अशी, अमेरिका तशी, असं काही बोलायला जावं तर मागून जांभया यायच्या. काही लोकांनी तर सोयीनं पक्ष बदलला होता. "आम्ही आधीपासून म्हणतच होतो," असं ते बिनदिक्कत म्हणायचे. या माणसांचा हनीफला भयंकर राग यायचा. कारखान्यातही काम मंदावलं होतं. तिकडून येणारे सुटे भाग आता नेमके कुठल्या देशाकडून मागवायचे हेच वरच्यांना उमगत नव्हतं. आप्पा आपल्या टेबलापाशी रिकाम्या हातानं बसून राहायचे. एक दिवस त्यांनी मंगळूला उतरता उतरता सांगितलं, "मार्चात राजीनामा देतो. बास झालं."

मंगळूनं ते हनीफच्या कानावर घातलं. त्या रविवारी हनीफ पंचवटीतल्या भाजीबाजारात गेला. तिथं आप्पांची बायको नवसाबाई मेथी-कोथिंबीर घेऊन बसायची. तिनं त्याला पाहिलं आणि गिऱ्हाईक सोडून बोलायला लागली.

"हनीफभाऊ, घरात मानूस हाय का नाय तेच कळत नाय. रेडू लावत नाय, बोलत नाय. जेवान वाढलं तर जेवतो. नोकरी सोडून काय करंल? भिताडाकडं बघत बसंल आन् एक दिस तसाच जाईल. तुमच्यासंगं भांडून आला का मानूस कसा खुशीत ऱ्हायचा! आता तुम्ही भांडत का नाय?"

"वहिनी, भांडू कसा? ते बसतच नाहीत समोर."

नवसाबाईनं गिऱ्हाइकासाठी तागडी उचलली. एका पारड्यात वजन होतं, दुसरं रिकामं. वजनाचं पारडं खाली जाऊन तिच्या गुडघ्याला टेकलं. तिनं दुसऱ्यात वांगी टाकली तशी दांडी सरळ झाली. हनीफ बघत राहिला. मग कोथिंबिरीची जुडी घेऊन, पैसे द्यायचे विसरून, तो घरी आला.

सोमवारी बस आडगावला थांबली. आप्पा चढले, मागं निघाले. हनीफ उठला, पेपर काखोटीला मारला आणि डाव्या बाकावर जाऊन बसला.

"आजपासून मी रशियाचा," तो मोठ्यानं म्हणाला.

बस हसली. "अहो हनीफभाई, रशिया आता आहे कुठं?"

"आहे. मोठा माणूस आजारी पडला म्हणून मेला का? आणि मी सांगतो, तिकडं होतं तसं राज्य कुठं नव्हतं. उपाशी कोणी नाही, बेकार कोणी नाही, कुणाला कसली भीती नाही." असं बरंच काही तो बोलत सुटला. सतरा वर्षं समोरून ऐकलेलं आप्पांचंच बोलणं होतं ते, पण याच्या तोंडून फार भाबडं वाटत होतं. आप्पा मधल्या वाटेत दांडी धरून उभे होते. त्यांचा चेहरा लाल झाला.

"कीव करतो का माझी? ऊठ तिथून."

"नाही उठत. बाक तुम्ही सोडला. तुम्हाला बसायचं तर तिकडं जागा आहे."

त्याला वाटलं, आता आप्पा मारतील. आप्पांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि रागारागानं धपकन उजव्या बाकावर बसले. गाडी सुटली. हनीफनं पुन्हा सुरू केलं, कुणाला कसली भीती नाही, माणूस छातीठोक बोलू शकतो—

"तुला काय ठावं रं?" आप्पा ओरडले. "तू गेला होता तिथं? मी व्हतो. मला शिकवायला एक मास्तर व्हता, लय गुणी मानूस. माझ्या हाताला धरून मोजमाप शिकवलं त्यानं. एक दिस आला नाय. दुसरा दिस, दुसराच मास्तर आला. मी दुभाष्याला इचारलं, पयले मास्तर कुठं गेले? त्यो म्हनला, इचारू नका. मी नाय इचारलं. त्या दिसापास्नं कुनालाच नाय इचारलं, आन् इथं येऊन तुझ्यासंगं भांडत बसलो का तिथं समदं ब्येस हाय म्हनून."

मंगळूनं आरशात पाहिलं आणि गाडी हळू केली. हनीफला वाटलं, आपण हे काय करून बसलो. सतरा वर्षं हा माणूस समोर बसला, आणि आपण जिंकायच्या नादात त्याला हे सांगायला जागाच ठेवली नाही. डाव्या बाकावरून हे बोलता आलं नसतं. उजव्या बाकावरून आलं.

गप्प बसणं सोपं होतं. पण गप्प बसलो तर आप्पा पुन्हा मागच्या बाकावर जातील, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. घसा खाकरून तो म्हणाला, "एका मास्तरवरून देश ठरतो का, आप्पा? अमेरिकेत काळ्या लोकांना काय कमी छळलंय? ते का नाही सांगत?"

आप्पांनी मफलरनं डोळे पुसले. "सांगतो," ते म्हणाले. "पर त्यांच्याकडं निदान छापून तरी येतं."

"छापून आल्यानं मार कमी लागतो?"

दहावा मैल गेला, ओझरचं गेट आलं, तरी दोघं उतरेनात. शेवटी मंगळूनं भोंगा वाजवला. मार्च आला आणि गेला. राजीनाम्याचं आप्पांनी पुन्हा नाव काढलं नाही.

त्यानंतर दोघांनी जागा बदलल्या त्या बदलल्याच. नव्वदचं दशक हे असं उलटं गेलं. अमेरिकेचा हनीफ रशियासाठी घसा कोरडा करायचा आणि रशियाची टोपी घातलेले आप्पा अमेरिकेची वकिली करायचे. टोपी परत आली होती, हे सांगायला हवं. पोखरणला अणुचाचणी झाली आणि अमेरिकेनं निर्बंध लादले, तेव्हा आप्पांची पुरती कोंडी झाली. आतून ते स्वतःच संतापले होते. तरी दात-ओठ खात अमेरिकेची बाजू मांडली. "बसलोय ना इथं? मग बोललंच पायजे," एवढंच हनीफला बाजूला घेऊन म्हणाले. रशियानं निर्बंध लादले नाहीत, म्हणून बाजी हनीफची. त्या दिवशी त्यानं पेढे आणले, पहिला त्यांना भरवला, आणि आप्पांनी शिव्या देत खाल्ला.

नवं शतक लागलं आणि आप्पा निवृत्त झाले. बसमध्ये नवी पोरं आली, कानात वायरी घालून बसणारी. आप्पांच्या निवृत्तीनंतरच्या पहिल्या सकाळी हनीफ डाव्या बाकावर पेपर घेऊन बसला. उजव्या बाकावर एक पोरगा झोपला होता. आडगावचा फाटा आला तशी मंगळूनं सवयीनं गाडी थांबवली. तिथं आप्पा उभे! धोतर, बंडी, खांद्यावर उपरणं, शेतातून आलेले. पायरीवर चढून दरवाज्यातून आत डोकं घातलं.

"हनीफ, काल निरोपाला जे बोलला, जगात एकटी अमेरिका ऱ्हायली तर वाटोळं व्हईल, ते साफ चूक. उद्या उत्तर घेऊन ये." आणि उतरून चालते झाले.

मग तेच सुरू झालं. रोज बस आडगावला जरा जास्त वेळ थांबायची. आप्पा पायरीवर चढून काल रात्री सुचलेला मुद्दा टाकायचे, हनीफ उत्तर द्यायचा, आणि मंगळू पुढं बघत राहायचा. एकदा एका नव्या साहेबानं विचारलं, इथं कोण चढतं? मंगळू म्हणाला, "अमेरिका, साहेब." इराकवर दुसरं युद्ध झालं तेव्हा आप्पा पायरीवर चढले, पण नुसते उभे राहिले. त्या दिवशी मंगळूनंच म्हटलं, "उद्या बोला, आप्पा."

पुढच्या हिवाळ्यात एक दिवस फाट्यावर कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. तिसऱ्या दिवशी मंगळूनं गाडी थांबवली, दार उघडलं आणि मागं वळून हनीफकडं पाहिलं. हनीफ उतरला. इतक्या वर्षांत त्यानं एक पाळी चुकवली नव्हती. शेतातल्या बांधावरून तो आप्पांच्या घरी गेला.

आप्पा खाटेवर होते. झटका आला होता, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. नवसाबाई उशाशी बसली होती. "डाक्टर म्हनतो, वाचा येईल, पर बोलायची खटपट केली पायजे," ती म्हणाली. "हे करतच नाय. नुसतं आढ्याकडं बघत्यात. समद्यांनी आवाज दिला, नातवानं दिला. ओठ हलवत नाय, भाऊ."

हनीफ खाटेच्या कडेला बसला. त्यानं आप्पांचा हात हातात घेतला. हात थंड आणि जड होता. त्याला भांडणाचं काहीच सुचेना. पेपर खिशात होता, पण काढावासा वाटला नाही. त्याला फक्त या माणसाला सुख द्यायचं होतं, शेवटचं असेल तर शेवटचं.

"आप्पा," तो म्हणाला. "तुम्ही जिंकलात. अमेरिकाच खरी. मी हरलो, आप्पा. आता आराम करा."

आप्पांचे डोळे आढ्यावरून हळूहळू खाली आले. हनीफवर थांबले. त्यांत राग होता, चांगला जुना, ओळखीचा राग. ओठ थरथरले, गळ्यातून घरघर आली, कपाळावर शीर फुगली. नवसाबाई उठून उभी राहिली.

"नाय," आप्पा म्हणाले.

हनीफला रडू आवरत नव्हतं. हातातला हात त्यानं घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसले.

"नाय कसं? असं नुसतं नाय म्हणून चालणार नाही," तो म्हणाला. "सिद्ध करा."

आणि आप्पा पुढच्या शब्दासाठी ओठ हलवू लागले.